हळूबाईच्या तेवीस चिठ्ठ्या

प्रिय दादा,

साखर ओट्याच्या डाव्या हाताला वरच्या कपाटात आहे, निळ्या झाकणाच्या डब्यात. तो डबा गेली नऊ वर्षं तिथेच आहे. झाकणावर मी ठळक अक्षरांत ‘साखर’ असं लिहूनही ठेवलं आहे, कारण दर चार महिन्यांनी तू चहात मीठ घालतोस आणि मग घर डोक्यावर घेतोस. सोमवारी सकाळी तू फोनवर निरोप पाठवलास, साखर कुठे आहे म्हणून. स्वयंपाकघरापासून बाबांच्या खोलीचं दार दहा पावलांवर आहे. माझी खाट त्याच खोलीत. दहा पावलं चालून दारावर टिचकी मारण्यापेक्षा तुला फोन काढणं सोपं वाटलं. मंगळवारी दुसरा निरोप आला, वीस बाजूंचा निळा फासा सापडत नाही, तू आवरताना कुठे टाकलास का? आणि काल तिसरा. रविवारी लढाई ऐन रंगात आली असताना हळूबाई कुठे तडमडली होती, पुढच्या रविवारी तरी शेवटपर्यंत बस. चार दिवसांत तीन निरोप, आणि जे विचारायला हवं होतं ते एकातही नाही. आज गुरुवार. वाट बघून कंटाळले आणि कागद पुढे ओढला.

फोनवरच उत्तर दिलं असतं, पण फोनवरचं तू पहिल्या ओळीच्या पुढे वाचत नाहीस. कागदावरचंही वाचत नाहीस, त्याचा माझ्याकडे तेवीस घड्यांचा पुरावा आहे, तो पुढे येईलच. म्हणून हे पत्र आपला औषधवाला तुझ्या हातात देईल आणि तू शेवटच्या ओळीपर्यंत पोचेस्तोवर समोर बसून राहील. त्याला चहा दे. साखर कुठे आहे ते आता तुला माहीत आहे.

मुळापासून सांगते, कारण तुझी स्मरणशक्ती फक्त राक्षसांच्या नावांपुरती शाबूत आहे. तुझा हा रविवारचा खेळ म्हणजे काय, हे मी दोन वर्षांपूर्वी, बाबा चालतेफिरते असताना, त्यांना समजावून सांगितलं होतं. म्हटलं, चार मोठी माणसं टेबलाभोवती बसतात आणि आपण कोणीतरी दुसरेच आहोत असं धरून चालतात. कोणी जादूगार, कोणी चोर. मी आता अमुक करतो असं प्रत्येकाने तोंडाने सांगायचं, आणि ते जमलं की फसलं ते फासा ठरवणार. डोंगर, राक्षस, वादळ, राजा हे सगळं एकटा सूत्रधार चालवतो, तो म्हणजे दादा. बाबांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, मग यात नवीन ते काय, घरात तेच तर चाललंय.

मला खेळायला बोलावलंस ते प्रेमापोटी नाही, भिडू कमी पडत होता म्हणून. जादूगार होता तुझा ऑफिसमधला विमावाला, जो नियमांचं जाडजूड पुस्तक तान्ह्या पोरासारखं मांडीवर घेऊन बसतो. चोर होता कोपऱ्यावरचा औषधवाला, ज्याला हळू बोलणं म्हणजे काय ते ठाऊक नाही. तो खुर्चीवरून अर्धा उठून, मी आता अगदी गुपचूप आत शिरतो, असं इतक्या मोठ्याने सांगायचा की खालच्या मजल्यावरचे लोकही सावध व्हावेत. आणि मी काय व्हायचं ते मी तोंड उघडायच्या आत तूच ठरवलंस. रानटी योद्धा. अंगापिंडाने तू तशीच आहेस, म्हणालास. विमावाला खी खी करून हसला. मी एक्केचाळीस वर्षांची बाई, दाराच्या चौकटीतून जाताना खांदे तिरपे करणारी, तुमच्या दोघांच्या समोर चहाचे कप ठेवत होते.

पात्र बनवताना फाशांवर सहा आकडे पडले, ते ताकद, चपळाई अशा सहा गुणांत वाटायचे होते. सगळ्यात मोठा, सतरा, मी ताकदीत टाकला. तू मान डोलावलीस. दुसरा सोळा होता, तो मी चपळाईत टाकला. मान थांबली. सोळा चिवटपणात जातात, म्हणालास. रानट्याने मार खायचा आणि उभं राहायचं, तेच त्याचं काम. मी म्हटलं, जो दिसतच नाही त्याला मारणार कोण? सगळ्यात लहान आकडा, सात, मी वाणीत टाकला, कारण या घरात माझ्या बोलण्याला किंमत तेवढीच होती. आणि शिकलेल्या कलांच्या रकान्यात लिहिलं: चोरपावलं, ओझी उचलणं, कड्याकुलपं. तू कागद हातात घेऊन इतका हसलास की डोळ्यांत पाणी आलं. रानटी माणूस दार फोडतो गं, हळूच लावून घेत नाही. मग तूच तिचं नाव ठेवलंस, हळूबाई. टिंगल म्हणून ठेवलंस, मी मनापासून घेतलं.

विमावाल्याने लगेच पान एकशे बारा उघडलं. रानट्याला दिवसातून तीनदा संताप चढवता येतो, संतापात त्याची ताकद दुप्पट होते, पण त्या भरात कोणाला फटका मारला नाही तर संताप जागच्या जागी उतरतो. म्हणजे दबकत चालणाऱ्याचा राग टिकतच नाही, तुमचं पात्र मुळातच चुकलंय ताई. हे त्याने नाकाने कांदे सोलत सांगितलं आणि तू त्याच्याकडे असं पाहिलंस जसा काही त्याने शोधच लावला. तुम्हा दोघांची मला तेव्हा कीव आली होती. आता ती कीवही उरलेली नाही.

दादा, मी अठरा वर्षं दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवते. दवाखान्यांतून आलेले जबड्यांचे प्लास्टरचे साचे दिवसभर माझ्या टेबलावर असतात. माणूस कधी भेटत नाही, त्याचा राग मात्र भेटतो. ज्यांचा राग तोंडावाटे निघून जातो त्यांचे दात शाबूत असतात, तुझे आहेत तसे. ज्यांना तो गिळावा लागतो त्यांच्या दाढा घासून सपाट झालेल्या असतात. वीस-वीस, तीस-तीस वर्षं टिकलेला राग मी बोटाने चाचपून पाहिला आहे, आणि त्यातल्या एकानेही कोणाला फटका मारलेला नसणार. मागे एकदा कामाची सवय म्हणून मी माझ्याच तोंडाचा साचा काढला. तो टेबलावर ठेवला तर शेजारच्या टेबलावरची पोरगी म्हणाली, या आजींचं वय काय असेल हो?

तुला राग म्हणजे आवाज एवढंच कळतं, कारण तुला आवाज करायची कायम मुभा होती. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे, पाळ्या वेड्यावाकड्या, दुपारी झोपलेले असायचे. तू पलंगावरून उड्या मारायचास तर आई म्हणायची मुलगा आहे, खेळणारच. मी पाणी प्यायला उठले तरी बाबांचा आवाज यायचा, पाय वाजवू नकोस. अंग मोठं, पाय मोठे, आणि तू मागून हत्तीण हत्तीण म्हणत ताल धरायचास. सात वर्षांची असताना मी शिकले की आधी पावलाची कड टेकवायची, मग बोटं, मग टाच. कुठली फरशी हलते, कुठल्या बिजागरीला तेल हवं, सगळं पाठ झालं. तुझ्या खेळात लोक ही कला गुरूकडे राहून शिकतात. मी ती आपल्या घरात राहून शिकले.

आणि एक कबूल करते, नाहीतर म्हणशील ही निव्वळ आग पाखडते. तू गोष्ट सांगतोस छान. मला गोवर आला होता तेव्हा तू दाराबाहेर बसून आठ दिवस एकच गोष्ट लांबवत नेली होतीस, त्यातला एकडोळ्या खलाशी मला अजून आठवतो. त्या पोराच्या आशेवर मी तुझ्या टेबलावर येऊन बसले होते. तो पोरगा काही भेटला नाही. भेटला तो पुठ्ठ्याच्या पडद्याआड बसलेला एक गृहस्थ, ज्याला फक्त स्वतःचा आवाज ऐकू येतो.

मिठागाराच्या तुरुंगाचा डाव आठवतो? पहारेकरी दारात खुर्ची टाकून झोपला होता. तू त्याच्यासाठी तलवार, शिंग, कुत्रा, सगळं तयार करून ठेवलं होतंस, दोन तासांची मारामारी. मी म्हटलं, हळूबाई कुऱ्हाड घोंगडीत गुंडाळते, चपला काढते, आणि पहारेकऱ्याला खुर्चीसकट उचलून बाहेर नेऊन ठेवते, न उठवता. औषधवाल्याने टाळी वाजवली. तू म्हणालास असं करता येत नाही. मी म्हटलं ताकद सतरा, चपळाई सोळा, कागदावर आहे. तू चिडून म्हणालास, दोन्ही फासे अठरा किंवा त्याच्या वर हवेत. पडले, अठरा आणि वीस. पहारेकरी बाहेर, दार मोकळं, तुझे दोन तास वाया. त्या दिवशी जेवताना तू माझ्याशी बोलला नाहीस. कोणीतरी झोपलेल्या माणसाला अलगद उचलून सुखरूप बाहेर नेऊ शकतं, याचं तुला कौतुक नव्हतं, दुःख होतं. माझ्या मनात मात्र ते बसलं.

त्यानंतर बाबांना झटका आला. उजवी बाजू गेली. जन्मभर दुसऱ्यांच्या लिफ्ट चालत्या ठेवल्या आणि स्वतः अडकले तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. चौदा महिने ते खाली उतरले नाहीत. या चौदा महिन्यांत तू त्यांच्या खोलीत किती वेळा आलास ते मी मोजलेलं नाही, पण एक वेळ पक्की आठवते. हातात मोजपट्टी घेऊन आलास. बाबा खाटेवर जागे होते. त्यांच्या पायथ्याशी पट्टीचं एक टोक मला धरायला लावलंस आणि म्हणालास, इथे कायमचं टेबल बसेल, सहा खुर्च्या आरामात. बाबांनी भिंतीकडे तोंड केलं. आठवड्याने कळलं की शुश्रूषागृहाचा अर्ज तू भरून दिला आहेस, जागा रिकामी झाली की नेतील. त्या अर्जात बहिणीची संमती असा एक रकाना होता. त्यात तुझ्याच अक्षरात ‘आहे’ असं लिहिलं होतं.

मी भांडले नाही असं म्हणू नकोस. तीनदा तोंडावर सांगितलं की बाबा कुठेही जाणार नाहीत. पहिल्यांदा बघू म्हणालास. दुसऱ्यांदा टेबलावर करतोस तसा पंजा उंचावून, तुझी पाळी झाली, म्हणालास. तिसऱ्यांदा आवाज चढवलास, मग मीही चढवला, आणि आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. बाबांनी डाव्या हाताने कान झाकायच्या धडपडीत पाण्याचं भांडं पाडलं होतं. तीन दिवस त्यांना त्या चांगल्या हातानेही घास घेता आला नाही. तू त्या तीन दिवसांत गुहेचा नकाशा रंगवत होतास. मी तेव्हाच ठरवलं की या घरात यापुढे भांडण नाही. दार फोडायचं नाही. हळूच लावून घ्यायचं.

आता चिठ्ठ्या. नियम तुझाच, आणि तुला त्याचा केवढा अभिमान. जे बाकीच्या भिडूंना कळायला नको ते चिठ्ठीवर लिहून सूत्रधाराला द्यायचं, तो वाचेल, पडद्याआड फासा टाकेल आणि फक्त निकाल सांगेल. हळूबाईचा सगळा खेळ चिठ्ठ्यांवरच. मी लिहायचे, घडी घालून द्यायचे, तू फासा टाकायचास आणि म्हणायचास, चौदा, जमलं, कोणी पाहिलं नाही. तीन महिने मी शेजारच्या राजाच्या गडाचं मागचं दार एकेक खिळा काढून ढिलं करत आणलं. तो गड आला, सैन्य मागे लागलं, आणि मी म्हटलं, चला, मागचं दार उघडं आहे. तू विचारलंस, कुठलं दार?

तेव्हा वाटलं विसरला असेल. दुसऱ्या दिवशी झाडताना तुझा फाशांचा डबा उघडला तर तळाशी माझ्या सगळ्या चिठ्ठ्या होत्या. माझी घडी मी ओळखते, चारदा दुमडून कोपरा आत. एकही उघडलेली नव्हती. पुढच्या रविवारी खात्री करून घ्यावी म्हणून मी चिठ्ठीत लिहिलं, तुझ्या शर्टाची बटणं एक घर चुकली आहेत आणि तू मूर्ख आहेस. तू गंभीर चेहऱ्याने चिठ्ठी घेतलीस, फासा टाकलास, म्हणालास, सोळा, जमलं, कोणी पाहिलं नाही. दिवसभर तशाच बटणांनी राजांचे आणि सेनापतींचे आवाज काढत बसलास. हसू आवरेना म्हणून मी आत गेले. बाबांना सांगितलं. झटक्यानंतर ते पहिल्यांदा आवाज करून हसले, अर्ध्याच तोंडाने.

तिथून पुढे मी तुला खरं लिहायला लागले. डबा उघड, जुन्या चिठ्ठ्यांवर या तेवीस आहेत, मी क्रमांक घातलेत. पहिली: प्रयोगशाळेच्या मागच्या तळमजल्यावर दोन खोल्या बघितल्या. दुसरी: बाबांचे लोकरीचे कपडे नेले. पाचवी: औषधांची जुनी कागदपत्रं. नववी: आईचा फोटो, त्याजागी कॅलेंडर टांगलं. चौदावी: बाबांची हत्यारांची पेटी, जड होती, दोन खेपा. एकेक पिशवी, रोज कामाला जाताना. प्रत्येक रविवारी आधी तुला लेखी कळवलं, तू फासा टाकलास आणि कौल दिलास. चारदा तू म्हणालास नाही जमलं, आवाज झाला. त्या चार आठवड्यांत मी घरातून एक चमचासुद्धा हलवला नाही. मी खेळ प्रामाणिकपणे खेळते. तुला कोणी सांगितलं नाही असं आता कुठेही म्हणू नकोस.

भिंतीवरचा आईचा फोटो गेला. खुंटीवरची बाबांची छत्री गेली. कपाट अर्धं रिकामं झालं. तू दिवसातून चार वेळा त्यावरून गेलास. पडद्याआडून शंभर कोसांवरचे गड बघणारा माणूस, स्वतःच्या घरात आंधळा. औषधवाल्याला मात्र कळलं, कारण बाबांच्या गोळ्या पुढे कुठल्या पत्त्यावर पोचवायच्या ते मला त्याला सांगावं लागलं. तो दोन महिने गप्प राहिला. तो गप्प राहू शकतो हे त्यालाही नवीन असावं.

सरावही केला. आमच्याकडे प्लास्टरची पोती येतात, पंचवीस किलोचं एक. बाबा आता एकोणपन्नास किलोचे आहेत. दोन पोती चादरीने पाठीला बांधून मी रोज दुपारी प्रयोगशाळेचा जिना चढले-उतरले, अनवाणी. पहिल्या आठवड्यात गुडघे बोलायला लागले. दुसऱ्या महिन्यात पोरी जिन्यात डबा खात बसल्या होत्या, मी मागून गेले तरी त्यांना कळलं नाही.

आणि मग रविवार. काळ्या गडाची शेवटची लढाई, तू नवी मेणबत्ती, नवा नकाशा, सगळी जय्यत तयारी केली होतीस. डावाच्या सुरुवातीलाच मी चिठ्ठी दिली. तेविसावी. त्यात लिहिलं होतं, वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याला पाठीवर घेऊन मी हा गड सोडते आहे, पुन्हा येणार नाही. तू ती डब्यात सरकवलीस. निळा फासा टाकलास. म्हणालास, एकोणीस, जमलं, कोणी पाहिलं नाही. आणि विमावाल्याकडे वळलास. मी उठले. कोणी का उठलीस विचारलं नाही, वाटलं असेल चहा टाकायला निघाली.

बाबा सकाळपासून तयार होते. दाढी केलेली, अंगात कामावरचा जुना खाकी कोट, खिशात बॅटरी. मी खाली बसले, त्यांनी डावा हात गळ्यात टाकला, चादर दोनदा फिरवून गाठ मारली. बोळातून बाहेरच्या दारापर्यंत अकरा पावलं, त्यातली चार तुझ्या बैठकीच्या उघड्या दारासमोरून. तुझी पाठ दाराकडे, कारण उजेड तुझ्या कागदांवर पडला पाहिजे. विमावाला पुस्तकात. औषधवाल्याने वर पाहिलं. माझ्या खांद्यावर बाबांची हनुवटी, ते त्याच्याकडे बघताहेत. एक क्षण मला वाटलं संपलं. आणि तो टेबलावर मूठ आपटून ओरडला, हा सरळसरळ अन्याय आहे, बाणाला वाऱ्याची सूट मिळालीच पाहिजे! विमावाला पानं उलटायला लागला, तू त्याच्याहून मोठ्याने ओरडायला लागलास, आणि त्या गोंगाटात मी कडी काढली. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं तशी गत, चादरीचं टोक कडीत अडकलं. बाबांनीच हळूच सोडवलं, डाव्या हाताने.

चोपन्न पायऱ्या. पहिल्या वळणावर बाबा माझ्या कानात म्हणाले, इथे बसली असती बरं का लिफ्ट, पाच फूट जागा आहे. दुसऱ्या वळणावर विचारलं, हळूबाई, दमलीस का? ते नाव त्यांना ठाऊक होतं हेही मला तेव्हाच कळलं. शेवटच्या दहा पायऱ्या राहिल्या असताना म्हणाले, लहानपणी तुला पाय वाजवू दिले नाहीत मी. मी पायऱ्या मोजत राहिले. खाली आमच्या कामावरची गाडी उभी होती. त्यांना बसवलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून तोंडावर ऊन घेतलं, आणि मग मी त्या गाडीला टेकून ढसाढसा रडले, रस्त्यावर, सगळ्यांसमोर, आवाज करून. विमावाल्याला सांग, पान एकशे बारा चुकीचं आहे. माझा संताप कोणालाही फटका न मारता शेवटच्या पायरीपर्यंत टिकला.

शुश्रूषागृहाला मी कळवलं आहे, ती जागा आता दुसऱ्या कोणाला मिळेल. खोली तुझी झाली. सहा खुर्च्या आरामात बसतील.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते, तुझ्यावर उपकार म्हणून नाही. त्या बंद दाराआड बाबा नाहीत, दादा. रविवारपासून नाहीत. साखर सापडत नाही हे तुला पहिल्या सकाळी कळलं, फासा नाही हे दुसऱ्या दिवशी. तो फासा औषधवाल्याने सोमवारी गोळ्यांसोबत आणून दिला. दोन वर्षांत त्या चोराची साधलेली ही पहिली चोरी. बाबा तो उजव्या हाताच्या बोटांत धरायचा प्रयत्न करतात, काल एकदा जमलं. खिडकीतून समोरच्या इमारतीची लिफ्ट दिसते, दार उशिरा मिटतं म्हणून दिवसभर त्या लोकांना नावं ठेवतात. आणि रोज संध्याकाळी विचारतात, दादाचा फोन आला का, फार चिडलाय का? सोमवारपासून आजपर्यंत चारही संध्याकाळी मी सांगितलं की आला होता, चिडला होता, रडलाही, तुमची चौकशी करत होता. मला वाटलं होतं तुझा असा सूड घेताना मजा येईल, पण त्यांचा चेहरा बघितला की खोटं बोलण्यावाचून गत्यंतर नसतं. पाचव्या दिवशी मी खोटं बोलणार नाही. उद्या संध्याकाळी ते विचारतील तेव्हा मला खरं सांगायचंय, ते काय असेल ते तू ठरव. पत्ता मागच्या बाजूला आहे, तळमजला, पिवळं दार. आलास तर दारावर टिचकी मारू नकोस आणि दबकत येऊ नकोस. चांगले पाय आपटत ये, म्हणजे आतून बाबांना कळेल कोण आलंय.

तुझीच,
हत्तीण